माउझलच्या अंधाऱ्या खिडक्या: इंग्लंडच्या खेड्यात गावकऱ्यालाच घर का परवडत नाही?

जानेवारीच्या शेवटी मी मावसबहिणीकडे कॉर्नवॉलला गेले होते. कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैऋत्येकडचं शेवटचं टोक. तिन्ही बाजूंनी समुद्र, चढउताराच्या अरुंद वाटा, मासेमारी, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली माणसं. ताई तिथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. एका संध्याकाळी ती मला पेन्झान्सजवळच्या माउझल या खेड्यात घेऊन गेली. नावाची अक्षरं 'माउस' आणि 'होल' अशी लिहितात, पण तिथे तसं म्हटलंत की तुम्ही पाहुणे हे लगेच कळतं.

पाच वाजताच अंधारून आलं होतं. हिवाळ्यातल्या लाटा आत येऊ नयेत म्हणून बंदराचं तोंड जाड लाकडी तुळया टाकून बंद केलेलं. ग्रॅनाइटच्या भिंतींची घरं एकमेकांना चिकटून उभी, आणि गल्ल्या अशा की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला टेकून वाट द्यावी. चढाच्या गल्लीतून वर जाताना मी उजेड असलेल्या खिडक्या मोजत होते. एका हाताची बोटं पुरली. बाकीच्या दारांशेजारी भिंतीवर मुठीएवढी लोखंडी पेटी ठोकलेली, तिच्यावर आकड्यांची बटणं. आत किल्ली असते. बुकिंग केलं की मोबाइलवर आकडा येतो, पेटी उघडायची, किल्ली घ्यायची.

"ही पेटी दिसली की समजायचं, इथे कोणी राहत नाही. नुसते उतरतात," ताई म्हणाली.

१ एप्रिल २०२५ पासून कॉर्नवॉल कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेने, लोकांच्या एरवी बंद राहणाऱ्या दुसऱ्या घरांवरचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्याकडच्या घरपट्टीसारखा स्थानिक कर, दुप्पट केला. इंग्लंडातल्या इतर बऱ्याच कौन्सिलांनीही तेच केलं. तेव्हापासून तिथल्या वर्तमानपत्रांत वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, श्रीमंतांनी गावं गिळली. दुसरी म्हणते, आम्ही कष्टाच्या पैशाने घर घेतलं, आम्हाला चोर का ठरवता? या भांडणात मुळातला हिशोब हरवून जातो, म्हणून तो इथे पायरीपायरीने मांडते.

आधी दोन शब्द. 'सेकंड होम' म्हणजे मालक स्वतः सुट्टीत येऊन राहतो ते घर, एरवी बंद. 'हॉलिडे लेट' म्हणजे पर्यटकांना आठवड्याच्या हिशोबाने भाड्याने दिलेलं घर. पहिल्यात वर्षातले बरेच महिने कुलूप असतं, दुसऱ्यात दर शनिवारी नवे चेहरे. पण त्या गल्लीत कायम राहणारं कुटुंब दोन्हींमध्ये नसतं. एकट्या कॉर्नवॉलमध्ये सेकंड होमच १३-१४ हजारांच्या घरात आहेत.

देवगडच्या आंब्याचा भाव कुठे ठरतो?

देवगडच्या बागायतदाराकडे पेटी असते, पण तिचा भाव देवगडात ठरत नाही. तो वाशीच्या मार्केटात ठरतो, आणि वाशीतला भाव मुंबई-दुबईचा गिऱ्हाईक किती मोजायला तयार आहे यावर. देवगडातल्या शाळामास्तरचा पगार किती, याचा त्या भावाशी काही संबंध नसतो. म्हणून बागेशेजारी राहणारा माणूसही पहिल्या पेटीकडे नुसता बघतो.

माउझलच्या घराचं हेच झालंय. घर गावात आहे, गिऱ्हाईक मात्र लंडनमध्ये, ब्रिस्टलमध्ये, कधी परदेशात.

आता आकडे घालून बघू. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात ब्रिटनमध्ये २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला तासाला किमान १२.२१ पौंड द्यावे लागत होते. आठवड्याला साडेसदतीस तास काम धरलं तर वर्षाचे सुमारे २३,८०० पौंड होतात. हॉटेलातला वाढपी, वृद्धांची काळजी घेणारी बाई, दुकानातली मुलगी यांचा पगार याच्याच आसपास असतो, आणि कॉर्नवॉलमधली बरीच कामं याच प्रकारची. नवराबायको दोघं पूर्णवेळ कमावते असतील तर ४७,६०० पौंड. तिथल्या बँका साधारण वार्षिक उत्पन्नाच्या साडेचारपटीपर्यंत गृहकर्ज देतात. म्हणजे या जोडप्याला जास्तीत जास्त २ लाख १४ हजार पौंड मिळतील.

समजा बंदराजवळचं दोन खोल्यांचं जुनं कॉटेज ४ लाख पौंडांना विकायला निघालं. समुद्राकाठच्या नावाजलेल्या गावात हा भाव कोणाला दचकवत नाही. जोडप्याला १ लाख ८६ हजार पौंड खिशातून घालावे लागतील. पौंडाला ११५ रुपये धरले तर दोन कोटींच्या वर. घरभाडं भरून, मुलं सांभाळून एवढी शिल्लक कुठून यायची?

त्याच घरासाठी दुसरा गिऱ्हाईक बघा. लंडनमध्ये तीस वर्षांपूर्वी घेतलेलं चाळवजा रांगेतलं घर ८ लाखांना विकून निवृत्त झालेलं जोडपं. त्यांना कर्जच नको. ४ लाख रोख मोजून उरलेल्या ४ लाखांवर ते म्हातारपण काढतील. ते लबाड नाहीत, दुष्टही नाहीत. त्यांच्याकडे लंडनच्या भावाने वाढलेला पैसा आहे, आणि माउझलच्या जोडप्याकडे माउझलचा पगार.

तिसरा गिऱ्हाईक घर राहण्यासाठी घेत नाही, उत्पन्नासाठी घेतो. ऑगस्टमधल्या एका आठवड्याचं हॉलिडे लेटचं भाडं गावातल्या भाडेकरूच्या महिन्याच्या भाड्याएवढं किंवा त्याहून जास्त असतं. त्यामुळे त्याचा हिशोब 'मला किती परवडतं' असा नसतोच. 'हे घर वर्षाला किती आणून देईल' असा असतो.

चार घरं विकली, चारशेंचे भाव बदलले

पुष्कळांना इथे कोडं पडतं. गावात शेकडो घरं आहेत, बाहेरचे घेऊन घेऊन किती घेणार? मग सगळ्या गावाचा भाव कसा चढतो?

कारण भाव ठरतो तो विकायला निघालेल्या घरांवर, उभ्या असलेल्या घरांवर नाही. लहान खेड्यात वर्षाकाठी मोजकीच घरं बाजारात येतात. त्यातली तीन-चार बाहेरच्यांनी चढ्या भावाने घेतली की तोच गावचा दर होऊन बसतो. शिवाय इंग्लंडमध्ये १९९५ पासूनच्या जवळजवळ प्रत्येक घराचा विक्रीभाव लँड रजिस्ट्रीत नोंदलेला आणि सर्वांना खुला आहे. पत्ता टाका, शेजाऱ्याचं घर कोणत्या तारखेला कितीला गेलं ते दिसतं. पारदर्शकतेसाठी ही उत्तम सोय आहे, आपल्याकडेही अशी साधी सोय असायला हवी. पण तिचा एक परिणाम असा की पुढच्या विक्रेत्याची अपेक्षा आदल्या विक्रीच्या आकड्यापासून सुरू होते, खाली क्वचितच जाते.

भाडेकरूही यातून सुटत नाही. ताई आधी समुद्रापासून दहा मिनिटांवर एका लहान घरात भाड्याने राहत होती. एक दिवस मालकाची नोटीस आली, दोन महिन्यांत घर रिकामं करा. भाडं कधी थकलं नव्हतं, तक्रार कसली नव्हती. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मालकाला कारण सांगण्याची गरजच नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात ते घर हॉलिडे लेटच्या वेबसाइटवर दिसलं. ताईने लावलेले पडदे फोटोत तसेच होते. ही बिनकारणाची नोटीस २०२५ च्या नव्या भाडेकरू कायद्याने रद्द झाली, १ मे २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. पण घर विकायचं असेल तर नोटीस देण्याचा मालकाचा हक्क नव्या कायद्यातही आहे.

मागणी एवढी आहे, तर घरं बांधत का नाहीत?

हा सगळ्यात स्वाभाविक प्रश्न. कांदा महागला की पुढच्या हंगामात जास्त लावतात. घरांचं तसं का होत नाही?

याचं उत्तर १९४७ सालच्या नगररचना कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने ठरवलं की जमीन तुमची, पण तिच्यावर काय बांधायचं याचा हक्क आता तुमचा नाही. जवळजवळ प्रत्येक बांधकामाला स्थानिक प्राधिकरणाची परवानगी हवी. आपल्याकडे शेतजमीन एनए करावी लागते, त्याचंच हे अधिक कडक रूप समजा. एनए झालेल्या आणि न झालेल्या गुंठ्याच्या भावात किती फरक पडतो ते आपल्याला माहीत आहे. इंग्लंडमध्ये हा फरक कित्येकदा शंभरपटीच्या आसपास जातो. कुरणाचा तोच तुकडा, तेच गवत, पण घरबांधणीचा कागद मिळाला की शेतकऱ्याचं नशीब पालटतं.

त्यात खेड्याला आपल्या गावठाणासारखी एक हद्द आखलेली असते. आत बांधकामाला वाव, बाहेर सहसा नाही. गाव आणि गाव यांच्यामधली हिरवी शेतं आजही दिसतात ती या नियमामुळे. वर आणखी थर आहेत. १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानं आणि निसर्गसौंदर्याची राखीव क्षेत्रं आली, आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्याचा मोठा भाग अशा क्षेत्रात येतो. १९६७ पासून जुन्या वस्त्यांना वारसा-वस्तीचा दर्जा देता येतो. तिथे कौलं बदलणं, जुनी भिंत पाडणं हेसुद्धा कधीकधी परवानगीचं काम होतं. जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत घर असेल तर खिडकीची चौकट प्लास्टिकची की लाकडाची, हेही तुम्ही एकट्याने ठरवू शकत नाही.

हे नियम वाईट आहेत असं मला वाटत नाही. कोकणात आणि गोव्यात डोंगर कापून उभी राहिलेली संकुलं पाहिल्यावर तर नाहीच. माउझल माउझलसारखं राहिलं ते याच नियमांमुळे. पण त्याचा हिशोब मांडायला हवा. नियमांनी गाव सुंदर ठेवलं, सौंदर्याने गिऱ्हाईक ओढलं, आणि त्याच नियमांनी नवं घर बांधायची वाट अरुंद केली. खुर्च्या तेवढ्याच, खेळणारे मात्र दर वर्षी वाढतात, आणि संगीत थांबल्यावर बसायला मिळतं ते पैसेवाल्याला.

विरोध करणारे गावकरी यात असतात हेही खरं. गावाबाहेर चाळीस घरांची योजना आली की सभेला गर्दी होते. रस्ता अरुंद आहे, मैलापाण्याची वाहिनी आधीच तुंबते, डॉक्टरकडे वेळ मिळत नाही. या तक्रारी बनावट नसतात. पण ज्यांना घर नाही ते त्या सभेत क्वचितच दिसतात, कारण ते आधीच गाव सोडून गेलेले असतात.

कौन्सिलची घरं होती, ती कुठे गेली?

इंग्लंडच्या बहुतेक खेड्यांच्या कडेला सारख्या ठेवणीच्या घरांची एखादी रांग दिसते. पुढे-मागे जराशी बाग, साध्या भिंती. ही कौन्सिलने बांधलेली घरं, मुख्यतः दोन महायुद्धांच्या दरम्यानची आणि नंतरची. शेतमजूर, कोळी, बसचालक इथे कमी भाड्यात राहत. बाजारभाव काहीही होवो, या रांगेला त्याची झळ लागत नसे.

१९८० च्या कायद्याने या भाडेकरूंना राहतं घर मोठ्या सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारचा हा सर्वांत गाजलेला निर्णय. सवलत ३३ टक्क्यांपासून सुरू होई आणि भाडेकरू जितका जुना तितकी वाढे. इंग्लंडभर जवळजवळ २० लाख घरं अशी विकली गेली. ज्यांनी घेतली त्यांचं भलंच झालं. आयुष्यभर भाडं भरलेल्या माणसाच्या नावावर घर झालं, यात वाईट काय? गोची दुसरीकडे झाली. विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी बांधली गेली नाहीत. शहरात चारशेतली शंभर गेली तरी तीनशे उरतात. खेड्यात बारातली नऊ गेली की उरतात तीन, आणि त्या तिघांत कोणी गेल्याशिवाय जागा रिकामी होत नाही.

काही ग्रामीण भागांत कायद्याने अट घालता येत असे की असं घर पुढे विकायचं तर त्याच भागात तीन वर्षं राहिलेल्या किंवा काम केलेल्यालाच विकावं. जिथे ती घातली आणि नीट पाळली तिथे काही घरं गावातच राहिली.

मग कोविड आला

हा भाग थोडक्यात. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं आणि शहरातल्या लोकांना बाग, मोकळी हवा आणि एक जास्तीची खोली हवीशी झाली. त्याच जुलैत सरकारने घरखरेदीवरच्या स्टॅम्प ड्युटीत मोठी सूट दिली, ५ लाख पौंडांपर्यंत शून्य. परदेशी सहली बंद, त्यामुळे देशातल्या समुद्रकिनाऱ्यांवर झुंबड. सगळं एकाच वेळी आलं आणि किनाऱ्यावरच्या भावांनी उडी घेतली. इंग्लंडभरात १९९७ मध्ये मध्यम घराची किंमत मध्यम वार्षिक पगाराच्या साडेतीनपट होती, २०२१ मध्ये ती नऊपटीवर गेली.

नंतर बँक ऑफ इंग्लंडने महागाई आवरायला आपला मूळ दर डिसेंबर २०२१ मधल्या ०.१ टक्क्यावरून ऑगस्ट २०२३ पर्यंत ५.२५ टक्क्यांवर नेला. घरांचे भाव जरा नरमले. पण व्याज वाढल्याचा फटका कर्ज काढणाऱ्याला बसतो, रोख देणाऱ्याला नाही. ४ लाखांचं कॉटेज ३ लाख ८० हजारांवर आलं म्हणून आपल्या त्या जोडप्याला काय फरक पडला? त्यांचा हप्ता तर उलट वाढला.

"पण घरं विकली कोणी? गावकऱ्यांनीच ना?"

हो, गावकऱ्यांनीच. हा आक्षेप टाळून चालणार नाही.

आजी वारली. बंदराजवळचं घर तीन भावंडांच्या नावावर आलं. एक बर्मिंगहॅमला, एक ऑस्ट्रेलियात, एक गावात. गावातल्याला घर ठेवायचंय, पण बाकी दोघांचा वाटा देण्याएवढे पैसे त्याच्याकडे नाहीत. घर विकलं जातं. कोकणातल्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. आणि विकताना ओळखीच्या मुलाला ३ लाखांत द्यायचं की अनोळख्याला ४ लाखांत? त्या एका लाखात कोणाचं तरी कर्ज फिटणार असतं. विकणाऱ्याला दोष देणं मला जमत नाही. प्रत्येक विक्री तिच्या जागी समजण्यासारखी असते. तशा शंभर विक्र्या झाल्यावर गल्लीत दिवा लागत नाही, आणि ते कोणा एकाच्या हातात उरत नाही.

"पर्यटकांमुळेच तर गाव जगतं"

यातही तथ्य आहे. पिल्चर्ड माशांचा धंदा बसला, कथिलाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा कॉर्नवॉलला पर्यटनाने तारलं. सुतार, प्लंबर, चादरी धुणारे, कॅफे चालवणारे, सगळ्यांची कमाई त्यावर आहे. सेकंड होमचा मालक बेकरीतून पाव घेतो, छप्पर दुरुस्त करून घेतो.

पण ऑगस्टमध्ये कॅफेत कॉफी देणाऱ्या मुलीने रात्री झोपायला जायचं कुठे? कामाला माणूस मिळत नाही ही तिथल्या हॉटेलवाल्यांची नेहमीची तक्रार आहे, आणि माणूस का मिळत नाही विचारलं तर उत्तर राहायला जागा नाही हेच. शाळांना सरकारी पैसा मुलांच्या संख्येवर मिळतो, आणि कुलूपबंद घरातून मूल शाळेत येत नाही.

काही कामं तर अशी आहेत की ती करणारा माणूस जवळच राहावा लागतो. कॉर्नवॉलमधल्या बहुतेक अग्निशमन केंद्रांवर पूर्णवेळ जवान नसतात. गावातला सुतार, दुकानदार, मेकॅनिक कमरेचा पेजर वाजला की काही मिनिटांत केंद्रावर धावतो. समुद्रातल्या बचावनौकांचंही असंच, त्यांवरचे खलाशी बहुतेक स्वयंसेवक.

माउझलला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री प्रचंड वादळात युनियन स्टार नावाचं जहाज बंद पडून खडकांकडे वाहत चाललं होतं. त्यावरच्या आठ जणांना वाचवायला सॉलोमन ब्राउन ही बचावनौका गेली. नौकेवर आठ जण, सगळे याच गावातले. एका घरातला एकच माणूस घ्यायचा असं तांडेलाने ठरवलं होतं. वडील आधीच नौकेवर असलेल्या एका तरुण मुलाला त्याने किनाऱ्यावरच ठेवलं. त्या रात्री दोन्ही बोटींवरचे सोळाच्या सोळा जण गेले. आणि एका दिवसाच्या आत नवी तुकडी उभी राहील एवढी नावं त्याच गावातून पुढे आली. नाताळात बंदरावर दिव्यांची मोठी आरास असते. दर १९ डिसेंबरला रात्री आठ वाजता ती तासभर विझवतात.

ती नावं पुढे आली कारण ती माणसं तिथे राहत होती. आता तिथल्या बचावनौकेचा तळ जवळच्या न्यूलिन बंदरात आहे. हाक आल्यावर धावत पोहोचता येईल एवढ्या अंतरात तरुण कोळ्याला घर परवडतं का, हा प्रश्न मला टॅक्सच्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

"मग कर वाढवा, बंदी घाला"

कर वाढवून झालाय. सेकंड होमवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लागला, आणि जादा घर घेताना भरायची वाढीव स्टॅम्प ड्युटी २०१६ मध्ये ३ टक्के होती, ती ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ५ टक्के झाली. यातून कौन्सिलला पैसा मिळतो आणि काही मालक विकायला निघतात, दोन्ही चांगलंच. पण करात फट आहे. घर वर्षात १४० दिवस भाड्याने उपलब्ध ठेवलं आणि त्यातले ७० दिवस खरोखर दिलं, तर ते व्यवसायात गणलं जातं. मग त्याला कौन्सिल टॅक्स नाही, व्यावसायिक कर लागतो. लहान व्यवसायांना त्यात सूट असते, त्यामुळे पुष्कळदा भरायची रक्कम शून्य. दुप्पट कराने वैतागलेला मालक घर गावकऱ्याला देण्याऐवजी दाराशेजारी किल्लीची पेटी ठोकू शकतो.

बंदीचा प्रयोग शेजारच्या सेंट आइव्ह्जने केला. तिथे साधारण चारातलं एक घर सेकंड होम किंवा हॉलिडे लेट होतं. मे २०१६ मध्ये मतदान झालं आणि ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी कौल दिला की यापुढे नवं घर बांधलं तर त्यात कोणीतरी कायम राहिलंच पाहिजे. लोकांच्या भावना मला पूर्ण पटतात. पण नियम नव्या घरांनाच होता, जुनी मोकळीच. बाहेरचे गिऱ्हाईक जुन्या घरांकडे वळले, म्हणजे नेमक्या त्या कोळ्यांच्या कॉटेजांकडे. नव्या घराला चढा भाव मिळेना, तेव्हा बिल्डरांनी हात आखडता घेतला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी हा उलटा परिणाम दाखवून दिला. पाण्याला एका बाजूने बांध घातला की ते दुसऱ्या बाजूने वाट काढतं.

मला वाटतं, नवी घरं आणि जुनी घरं यांना वेगळे नियम लावून हे सुटणार नाही. राहतं घर हॉलिडे लेट करायला स्वतंत्र परवानगी लागली पाहिजे. दुकानाचं गोदाम करायला जशी लागते, तशी.

जमीन बाजारातून बाहेर काढली तर?

विल्टशर परगण्यात लेकॉक नावाचं खेडं आहे. तिथली जवळजवळ सगळी घरं १९४४ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहेत. गाव माउझलइतकंच देखणं, चित्रपटवाल्यांचं लाडकं. पण तिथली घरं विकलीच जात नाहीत, भाड्याने दिली जातात आणि त्यांत माणसं राहतात.

सगळ्या गावांना असा दाता मिळत नाही. म्हणून दुसरी वाट शोधली गेली. गावाच्या हद्दीला लागून, जिथे एरवी परवानगी मिळालीच नसती अशा तुकड्यावर, घरं फक्त स्थानिकांसाठी आणि कायमची स्वस्त राहतील या अटीवर बांधू द्यायची. खुली विक्री होणार नाही म्हटल्यावर जमिनीचा भाव शंभरपट चढत नाही. पुष्कळदा जमीन गावकऱ्यांनीच स्थापन केलेल्या न्यासाकडे राहते. कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर, सेंट मिनव्हर भागात, असा न्यास निघाला. शेजारचं रॉक हे लंडनच्या धनिकांचं आवडतं ठिकाण. स्थानिक जमीनमालकाने जमीन बाजारभावाच्या पुष्कळ खाली दिली. घरं घेणाऱ्यांनी स्वतः हात लावून बांधकाम पुरं केलं, आणि २००८ च्या अखेरीस बारा घरं उभी राहिली, बाजारभावाच्या साधारण एक तृतीयांशात. पुढे विकायची वेळ आली तरी तेच प्रमाण पाळायचं, त्यामुळे फायदा पहिल्या मालकावर संपत नाही. 'परवडणारं घर' या सरकारी शब्दाशी हे ताडून बघा. त्यात बाजारभावाच्या २० टक्के खाली एवढंही चालतं, म्हणजे ४ लाखांचं कॉटेज ३ लाख २० हजारांना. कोणाला परवडणारं?

बारा घरं म्हणजे फार थोडी, हे मान्य. अशी कामं हळू चालतात. जमीन देणारा लागतो, संध्याकाळी नोकरीवरून येऊन फायली उपसणारे गावकरी लागतात.

ताईच्या आताच्या गावाजवळ अशीच काही घरं होऊ घातली आहेत. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून अर्ज भरला. उत्पन्न, बचत, मुलं, सगळे रकाने भरत एका प्रश्नापाशी आलो: या पंचक्रोशीत सलग किती वर्षं राहता? तीन हवी होती. जुनं घर दुसऱ्या पंचक्रोशीत होतं, ते सोडावं लागल्यापासून इथे तिला दोन वर्षं आणि एक महिना झाला होता. नोकरीवरून स्थानिक ठरावं, तर रुग्णालयही पंचक्रोशीबाहेर. ताईने पेनाने महिने पुन्हा मोजले, आकडा तोच आला, आणि तिने तो रकान्यात लिहिला.